तोतलाडोहचे मासे कुणाचे?

स्मरणिकेत पांढुर्णा-सौंसरचा इतिहास लिहायचा म्हटला की तो बहुधा देवगडच्या गोंड राजांपासून सुरू होतो, नागपूरकर भोसल्यांच्या अमलातून पुढे सरकतो आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपाशी येऊन थांबतो. वाटेत जामसावळीचा मारुती येतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार येते, संत्र्याच्या बागा येतात. यंदा हाच काळ पाण्याच्या बाजूने पाहावा असं आम्ही ठरवलं, आणि पाण्यातूनही एकच गोष्ट उचलली, ती म्हणजे मासळी. आपल्या भागातल्या नद्यांत आणि नंतर बांधलेल्या मोठ्या जलाशयांत मासा कुणी धरायचा, कुणाच्या परवानगीने धरायचा आणि ती परवानगी वेळोवेळी कशी बदलत गेली, याचा हा मागोवा. विषय ऐकायला लहान वाटतो. पण या लहान विषयावर १९९७ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला होता, आणि त्या निकालाचं पाणी आपल्याच जिल्ह्याच्या शेजारून वाहतं.

सुरुवात नद्यांपासून करू. आपली जाम पुढे कन्हानला मिळते. छिंदवाड्याच्या पठारावरून निघालेली पेंच कामठीजवळ कन्हानमध्ये येते आणि कन्हान शेवटी वैनगंगेत जाते. या सगळ्या नद्या पावसावर जगणाऱ्या. चार महिने दुथडी, मग हळूहळू आटत जाऊन वैशाखात वाळू आणि दगड. अशा नदीत मासा उन्हाळा काढतो तो डोहात. खडकात खोल खणल्या गेलेल्या जागी पाणी राहतं, मोठे मासे तिथे गोळा होतात आणि पहिला पूर आला की वर चढतात. म्हणून डोह हा नदीचा गल्ला होता. तो रिकामा केला तर पुढच्या वर्षाला बी उरत नाही, हे जाळं टाकणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नसे. तोतलाडोह या नावातही डोहच आहे. आज तिथे धरण आहे, पण नाव मूळच्या पाण्याची आठवण ठेवून आहे.

या पाण्यावर पोट असलेला समाज म्हणजे ढिवर, ज्यांना आपल्याकडे ढीमर असंही म्हणतात. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा आपला मोठा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध केला. त्यात या समाजाची नोंद मासेमार, पालखीचे भोई, पाणके आणि शिंगाड्याची लागवड करणारे अशी आहे. म्हणजे त्यांचं सगळं जगणंच पाण्याभोवतीचं. त्यांच्या शेजारी गोंड आणि इतर आदिवासी कुटुंबं होती. त्यांच्यासाठी मासेमारी हा धंदा नव्हता, घरच्या जेवणातला भाग होता. शेतीचं काम नसलं की नदीवर जायचं, मिळेल ते आणायचं. आणि तिसरा गट गावातल्या सगळ्यांचा. बांबूची काठी, दोरा, गरी आणि टोकाला गांडूळ एवढ्या सामानावर मरळ किंवा वाम लागण्याची वाट पाहत बसणारी पोरं प्रत्येक नदीकाठच्या गावात होती.

या तिन्ही गटांसाठी एक अलिखित वेळापत्रक होतं. रोहू, कटला, मृगळ यांसारखे मासे आषाढ-श्रावणात, नव्या पाण्यात अंडी घालतात. नदी तेव्हा गढूळ आणि जोरात असते, जाळं टाकणं जिवावरचं काम. त्यातच श्रावण लागला की अनेक घरांत मासळी बंद. ही प्रथा माशांना वाचवण्यासाठीच पडली असा दावा आम्ही करणार नाही. पण तिचा फायदा माशांना होत होता एवढं नक्की. पुढे सरकारने तेच कायद्यात बसवलं. मध्य प्रदेशच्या १९७२ च्या नदीय मत्स्योद्योग नियमांनुसार १६ जून ते १५ ऑगस्ट हा बंद हंगाम आहे. या काळात नद्यांत आणि नद्यांशी जोडलेल्या पाण्यात मासेमारी करता येत नाही. गणेश चतुर्थी नेहमीच १५ ऑगस्टनंतर येते. त्यामुळे आपल्या घरी गणपती बसतात तेव्हा नदीवरची बंदी नुकतीच उठलेली असते.

मासळीवर लेखी कायदा मात्र त्याच्या बराच आधी आला होता. इंग्रजांनी १८९७ साली भारतीय मत्स्य कायदा केला. त्यात पाण्यात सुरुंग फोडून किंवा विष कालवून मासे मारणं हा गुन्हा ठरला. कारण उघड होतं. रेल्वे आणि रस्त्यांच्या कामांमुळे दारू सहज हाती येऊ लागली होती आणि एका स्फोटात अख्खा डोह मरत होता. याच काळात साहेब लोकांचा गळाचा छंदही जोरात होता. मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ साली भारतातल्या गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिलं आणि महासीर या माशाला त्यात मानाचं स्थान दिलं. जोरात वाहणाऱ्या पाण्यात तासन्‌तास झुंज देणारा हा मासा. नर्मदेतला त्याचा भाऊबंद मध्य प्रदेशाने २०११ साली राज्य-मासा म्हणून जाहीर केला. साहेबासाठी मासा हा खेळ होता, ढिवरासाठी पोट. पण दोघांनाही डोह जिवंत हवा होता, ही गोष्ट या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

नद्यांच्या जोडीला तलाव होते. आपल्या पूर्वेला भंडारा-गोंदियाकडे गेलं की पावलोपावली तलाव लागतात. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन देण्याचं धोरण ठेवलं आणि कोहळी समाजाने त्याचं सोनं केलं. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला अशी परंपरा आहे. पुढे मालगुजारी आली. तलाव मालगुजाराचा, पाणी शेतकऱ्यांचं, आणि मासे धरणार ढिवर, त्यातला वाटा मालकाला. ही व्यवस्था न्यायाची होती असं नाही, पण प्रत्येक तलावाला धनी होता. गाळ काढायचा कुणी, पाळ फुटली तर धावायचं कुणी, हे ठरलेलं होतं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. जमीनदारी जाणं योग्यच होतं. मात्र तलावाची निगा राखण्याची जबाबदारी कागदावर सरकारकडे आणि प्रत्यक्षात कुणाकडेच नाही, असं अनेक ठिकाणी झालं. मासळी ठेक्यावर दिली जाऊ लागली. ढिवरांनी सहकारी संस्था काढून ठेके घेतले, काही टिकल्या, काही कर्जात बुडाल्या.

तोवर छिंदवाडा, नागपूर, भंडारा, चांदा हे सगळे एकाच प्रांतातले जिल्हे होते आणि राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि मराठी बोलणारा सौंसर-पांढुर्ण्याचा भाग छिंदवाडा जिल्ह्यासह मध्य प्रदेशात राहिला. भाषेच्या अंगाने त्या दिवसावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झालं आहे. पाण्याच्या अंगाने फारसं कुणी पाहिलं नाही. त्या दिवशी पेंच नदी दोन राज्यांची झाली. तिचा बराचसा प्रवाह मध्य प्रदेशात, खालचा भाग महाराष्ट्रात. तोतलाडोहचं धरण त्यामुळेच दोन राज्यांचा संयुक्त प्रकल्प म्हणून उभं राहिलं. तिथल्या वीजघराची क्षमता १६० मेगावॅट. विजेत मध्य प्रदेशाचा वाटा दोन तृतीयांश, महाराष्ट्राचा एक तृतीयांश. त्याच नदीवर खाली कामठीखैरीचं धरण आहे, आणि नागपूरकर पितात ते पाणी बहुतांशी याच पेंचचं.

वीज वाटली, पाणी वाटलं, सिंचन वाटलं. मासे मात्र कुठल्याच वाटणीत ठळकपणे आले नाहीत. खरं तर मोठ्या जलाशयांना मासळीचं महत्त्व त्याच सुमारास आलं होतं. १० जुलै १९५७ रोजी कटकला डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांना पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावलं. तोवर रोहू-कटल्याचं बीज नद्यांतून गोळा करावं लागे, त्यात नको ते मासेही मिसळत. या प्रयोगानंतर शुद्ध बीज हवं तेवढं तयार होऊ लागलं आणि देशभर धरणांत सोडलं जाऊ लागलं. आज १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळतात तो यासाठीच. धरणात मासा वाढतोही चांगला. पाण्याखाली गेलेलं गवत, पालापाचोळा, जुन्या शेतांची माती यांवर त्याचं अन्न पोसतं. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की काठाची जमीन उघडी पडते, तिच्यावर कोवळं गवत येतं, चितळ-सांबर तिथे चरायला उतरतात. मासे जुन्या नदीपात्राच्या खोल भागात सरकतात. म्हणजे पाण्याखाली गेलेला डोह उन्हाळ्यात पुन्हा डोहाचंच काम करतो.

आणि इथेच दुसरा दावेदार उभा राहिला. पेंचचं हे खोरं वाघाचं. महाराष्ट्राने १९७५ साली आपल्या बाजूला राष्ट्रीय उद्यान केलं. मध्य प्रदेशाने १९७७ साली अभयारण्य आणि १९८३ साली राष्ट्रीय उद्यानाची घोषणा केली. १९९२ साली मध्य प्रदेशची बाजू व्याघ्र प्रकल्पात गेली, १९९९ साली महाराष्ट्राची. ज्या जंगलातून गावं उठली, ज्या नदीत त्या गावांचे लोक मासे धरत, ती नदी आता जलाशय झाली होती आणि जलाशय राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध आला होता. वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे उद्यानाची अंतिम अधिसूचना काढण्यापूर्वी त्या जागेवरचे लोकांचे हक्क तपासून मिटवावे लागतात. पेंचमध्ये हे काम वर्षानुवर्षं रेंगाळलं.

अखेर ३० मे १९९६ रोजी मध्य प्रदेशच्या वन खात्याने एक आदेश काढला. पूर्वी उद्यानाच्या क्षेत्रात राहणाऱ्या आदिवासींना, त्यांच्या पारंपरिक हक्कांच्या बदल्यात, तोतलाडोह जलाशयात मासेमारीचे ३०५ परवाने दिले. पर्यावरणासाठी झगडणाऱ्या वकिलांच्या संघटनेने याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. त्यांची भीती पोकळ नव्हती. तीनशे माणसं रोज उद्यानाच्या गाभ्यात शिरली तर लाकूडतोड, शिकार, काठावरच्या चुली, वणवा यांना आवर घालणार कोण? जाळ्यांत मगरी आणि कासवं अडकणार नाहीत कशावरून? महाराष्ट्र सरकारनेही परवान्यांबद्दल चिंता मांडली, कारण पाण्यावर सीमारेषा आखता येत नाही.

मार्च १९९७ मध्ये न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी लिहिलेल्या या निकालाचा आशय असा की जंगल आणि वाघ जपण्यासाठी सर्व प्रयत्न व्हायलाच हवेत, पण तिथून उठलेल्या आदिवासींच्या पोटाचा विचारही तितकाच व्हायला हवा. परवाने रद्द झाले नाहीत. त्यांना अटी लागल्या. परवानाधारकाजवळ छायाचित्राचं ओळखपत्र हवं. ठरवून दिलेल्या वाटेनेच जलाशयावर जायचं. काठावर चूल पेटवायची नाही, कचरा टाकायचा नाही. कोण किती मासे घेऊन गेला याची नोंद ठेवायची. आणि राज्य सरकारने उद्यानाची रखडलेली अंतिम अधिसूचना लवकर पूर्ण करावी.

वाचकहो, या अटी पुन्हा एकदा वाचून पाहा. वाट ठरलेली, माणूस ओळखीचा, माप नोंदलेलं, काठ स्वच्छ. जुन्या डोहाचे अलिखित नियमच जणू सरकारी भाषेत उतरले होते. फरक एवढाच की आता ते गावाने नव्हे तर न्यायालयाने घातले होते, आणि पाळून घेण्याची जबाबदारी खात्यावर होती. आमच्या मते हा निकाल आपल्या भागाच्या इतिहासातला एक महत्त्वाचा कागद आहे, कारण त्यात वाघ आणि माणूस यांपैकी एकाला निवडण्याऐवजी दोघांना एकाच पाण्यावर कसं नांदवायचं याचा प्रयत्न होता.

तो प्रयत्न टिकला नाही. पुढच्या वर्षांत संरक्षित जंगलांबाबतचे आदेश आणि कायदे कडक होत गेले. तोतलाडोहची वसाहत उठली. आज या जलाशयात मासेमारीला परवानगी नाही. जलाशयावर गस्तीच्या बोटी फिरतात, रात्री चोरून जाळी टाकणारे पकडले जातात, बोटी आणि जाळी जप्त होतात, आणि वन कर्मचारी व मासेमार यांच्यात मारामाऱ्याही झाल्या आहेत. वाघासाठी बंदी आवश्यक आहे असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं आम्हाला पटतं. पेंचचं जंगल टिकलं म्हणूनच पेंचचं पाणी टिकलं आहे. पण ओळखपत्र घेऊन दिवसाउजेडी जाणारा माणूस आणि अंधारात जाणारा माणूस यांत पाण्याच्या दृष्टीने मोठा फरक असतो. पहिल्याला पुढच्या वर्षी परत यायचं असतं. दुसऱ्याला आजची रात्र साधायची असते, म्हणून तो बारीक आसाचं जाळं लावतो आणि पिल्लंही सोडत नाही.

याच्या उलट टोकाचं उदाहरण मुंबईत आहे. पवई तलाव १८९१ साली शहराच्या पाण्यासाठी बांधला, पण ते पाणी पिण्याजोगं ठरलं नाही. १९३६ साली गळाने मासेमारी करणाऱ्या हौशी लोकांची मुंबई इलाख्याची संघटना तिथे आली. तीच पुढे महाराष्ट्र राज्याची अँगलिंग संघटना झाली. सभासदत्व, गळ, माशाचं वजन, ठरावीक जागा असा सगळा शिस्तीचा मामला. या लोकांचं पोट त्या तलावावर नाही. तरी तलावात बीज सोडणं, जलपर्णीबद्दल आणि सांडपाण्याबद्दल ओरड करणं हे त्यांनी केलं, कारण त्यांची तिथे बसायची जागा होती. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महासीरची पैदास सुरू झाली. त्यामागे डॉ. चं. वि. कुलकर्णी यांच्यासारख्या मत्स्यतज्ज्ञाचे कष्ट होते. तिथे तयार झालेलं बीज देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत गेलं.

हौशी माणसाला हक्काची जागा मिळाली आणि पोट असलेल्याची गेली, हा विरोधाभास आम्हाला खटकतो. पण त्यातून दिसणारी गोष्ट दोघांना सारखीच लागू आहे. ज्याला काठावर उजळ माथ्याने बसता येतं तो काठाची काळजी घेतो. मालगुजारी तलावांच्या बाबतीत हे दिसलं, पवईला दिसलं, आणि १९९७ च्या निकालानेही वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं.

आजची स्थिती पाहायची तर पेंचच्या पाण्यावर मागण्या वाढतच आहेत. वर चौरईजवळ माचागोऱ्याचं धरण झालं आणि छिंदवाडा जिल्ह्यातल्या शेतीला पाणी मिळालं. ते आपल्या शेतकऱ्यांच्या हक्काचंच आहे. पण खाली येणारं पाणी घटलं. २०१९ च्या जुलैत पाऊस लांबला तेव्हा तोतलाडोह तळाला गेला आणि नागपुरात एक दिवसाआड पाणी द्यावं लागलं. शहर, वीज, शेती आणि वाघ यांच्या रांगेत मासा शेवटी उभा आहे, आणि त्याच्यामागे ढिवर.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. आता आपल्या हद्दीतल्या नद्या, तलाव, छोटी धरणं यांचे निर्णय जवळून होतील. कोणता तलाव कुणाकडे ठेक्याने आहे, बीज कोणतं सोडलं, बंद हंगाम पाळला गेला का, ढिवर संस्थांना ठेक्यात न्याय मिळतो का, हे विचारायला छिंदवाड्याला जावं लागणार नाही. ज्यांना गरी घेऊन बसायची हौस आहे त्यांनीही आधी तलावाच्या ठेकेदार संस्थेला विचारावं, उद्यानाच्या पाण्याकडे वळू नये, आणि बोटभर पिल्लू लागलं तर ते परत पाण्यात सोडावं.

आणि शेवटी आपल्या मंडळाचा विषय. पवईच्या तलावात गणपतीही विसर्जित होतात आणि मासेही वाढतात. आपल्याकडेही तसंच. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात विरघळत नाही, रंगांतले जड धातू गाळात बसतात आणि तोच गाळ उकरून मासा खातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने विसर्जनाबाबत २०१० साली मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२० साली त्या सुधारल्या. आम्हाला त्यांत नवं काही वाटत नाही. मातीचा गणपती, निर्माल्य वेगळं, वाहत्या किंवा खोल पाण्याऐवजी कुंड, एवढंच त्यांचं सार. भाद्रपदात नदीत नुकतीच वाढू लागलेली पिल्लं असतात. त्याच पाण्यात आपण बाप्पाला पुढच्या वर्षी लवकर या असं सांगून निरोप देतो. जाम, कन्हान आणि पेंचच्या काठी राहणाऱ्या प्रत्येकाला, मग तो जाळेवाला असो की भाविक, पुढच्या वर्षी पुन्हा त्याच पाण्यापाशी यायचं आहे.